खोल्या रिकाम्या का राहिल्या?

सन १९२० च्या सुमारास मुंबईत राहायला जागा मिळणे ही मोठी मुश्किलीची गोष्ट होती. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. कापडाच्या गिरण्या जोरात चालत होत्या आणि कोकणातून, घाटावरून, दूर उत्तरेतून माणसे कामासाठी येत होती. शहरातील निम्म्याहून कितीतरी अधिक लोक एकखोलीच्या बिऱ्हाडांत राहत. एका खोलीत मध्ये गोणपाटाचा आडोसा करून दोन कुटुंबे राहत, आणि एकटे आलेले पुरुष दहा-दहा, पंधरा-पंधरा मिळून एक गाळा भाड्याने घेत.

त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी या टंचाईवर मोठ्या प्रमाणावर उपाय करायचे ठरवले. १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचे खाते सुरू झाले. आजही आपण ज्यांना ‘बीडीडी चाळी’ म्हणतो, त्या याच खात्याने बांधल्या. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभारला गेला. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला व वर तीन मजले अशी, आणि प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. म्हणजे एका चाळीत ८० व सगळ्या मिळून सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, त्या काळी अगदी नवे.

आता आपली अपेक्षा अशी असेल, की या खोल्यांसाठी कामगारांची झुंबड उडाली असेल. तसे झाले नाही. १९२० चे दशक संपत आले तरी या चाळींतील पुष्कळ खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते, आणि रिकाम्या खोल्यांत वरळीचा वाटा मोठा होता. पुढे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून केला गेला!

एकीकडे एका खोलीत पंधरा माणसे आणि तीन-चार किलोमीटरवर पक्क्या खोल्या रिकाम्या. हे कोडे कसे सोडवायचे? भाडे जास्त वाटत होते, असे एक उत्तर त्या काळीही दिले जाई, आणि ते खोटे नव्हते. परंतु खोलीवर जो खर्च आला होता त्या मानाने सरकारने भाडे कमीच ठेवले होते. दिवाबत्ती, बाजार, दवाखाना या सोयी नव्हत्या, काँक्रीटच्या खोल्या कोंदट वाटत, हीही कारणे होती. पण त्यांच्या जोडीला एक कारण असे होते, की ते खोलीच्या आत कितीही निरखून पाहिले तरी दिसले नसते. ते पाहण्यासाठी दार उघडून बाहेर पडावे लागते आणि गिरणीपर्यंत चालत जावे लागते.

भोंग्याच्या अंतरावर

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी स्थापन झाली १८५४ मध्ये आणि सूत निघू लागले १८५६ मध्ये. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी दाटीने उभी राहिली. गिरण्यांच्या भिंतीला लागून चाळी उठल्या. या भागाचेच नाव पुढे गिरणगाव पडले. इतिहासकारांनी दिलेला एक अंदाज असा आहे, की विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांपैकी सुमारे ९० टक्के लोक गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत होते.

पंधरा मिनिटेच का? कामगाराच्या दिवसाचा हिशेब मांडला, की ते कळते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम दिवसाला बारा तासांवर आणले आणि १९२२ च्या कायद्याने अकरा तासांवर. म्हणजे त्याआधी दिवस याहून लांब असे. अकरा तास काम आणि मधली सुट्टी धरली, की बारा तास गिरणीच्या आवारात जात. उरलेल्या बारा तासांत झोप, अंघोळ, जेवण, नळावरचे पाणी, बाजारहाट आणि येणे-जाणे. या बारांतून रोजचा एक तास रस्त्याला देणे म्हणजे झोपेतून एक तास देणे.

दुसरी गोष्ट कामाच्या अनिश्चिततेची. सगळेच कामगार कायम नव्हते. पुष्कळांना रोज पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागे. जो गैरहजर असेल त्याच्या जागी जॉबर यांच्यातून एखाद्याला आत घेई. ही ‘बदली’ मिळवायची तर भोंगा होण्याच्या आत दाराशी असले पाहिजे, आणि एका गिरणीत काम नाही मिळाले तर लगोलग दुसरीच्या दाराशी पोचता आले पाहिजे. वरळीच्या चाळींपासून लोअर परळच्या गिरण्या सुमारे दोन किलोमीटर आणि लालबागच्या सुमारे तीन किलोमीटर. म्हणजे अर्धा-पाऊण तास चालत जायचे, आणि काम नाही मिळाले तर तितकेच चालत रिकाम्या हाताने परतायचे. लालबागला राहणाऱ्या माणसाला त्याच वेळात चार-पाच दारे धुंडाळता येत. वाहन नसलेल्या माणसाला घर जवळ असण्याचा अर्थ एवढाच नसतो की पाय कमी दुखतात. त्याला एकाऐवजी पाच ठिकाणी काम मागता येते.

तिसरी गोष्ट पैशाची. ट्रामने जाताना एक आणा आणि येताना एक आणा असे धरले, तरी महिन्याच्या २६ दिवसांचे ५२ आणे होतात, म्हणजे सव्वातीन रुपये. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीतील पुरुष कामगाराची महिन्याची कमाई सरासरीने तीस-पस्तीस रुपयांच्या घरात होती. त्यातले काही गावी जात, काही सावकाराला, काही वाण्याला. कमाईचा दहावा हिस्सा रस्त्यावर घालवणे त्याला परवडणारे नव्हते. स्त्री कामगाराची कमाई तर याच्या निम्म्याच्या आसपास होती, आणि गिरण्यांत त्या काळी पाचांत एक कामगार स्त्री होती. तिला गिरणीच्या आधी व नंतर घरचे कामही करायचे असे. तिच्यासाठी अंतराची किंमत आणखी जास्त होती.

चौथी गोष्ट माणसांची. ज्या चाळीत आपले गाववाले राहतात, ज्या खानावळीत महिनाअखेरीपर्यंत खाते चालते, जो वाणी संपाच्या काळातही उधार देतो, ती सगळी गिरणगावात होती. वरळीला खोली होती, पण हे काही नव्हते.

म्हणून कामगाराने खोलीकडे पाहिले आणि तिचे क्षेत्रफळ मोजण्याआधी तिचे अंतर मोजले. सरकारने बांधली होती ती खोली. कामगाराला हवे होते ते राहण्याचे ठिकाण. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अर्ध्या तासाची भूमिती

येथे थोडे गणित करू. माणूस सपाट रस्त्यावर तासाला सुमारे पाच किलोमीटर चालतो. कामावर जायला तो अर्धा तास देईल असे मानू. तर अर्ध्या तासात तो अडीच किलोमीटर जाईल. कामाचे ठिकाण मध्यबिंदू धरून अडीच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर भरते. त्याचे घर या वर्तुळात कोठेतरी असायला हवे.

आता तो ट्रामने जाऊ लागला आणि थांबे धरून ट्रामचा वेग तासाला दहा किलोमीटर आहे असे समजू. वेग दुप्पट झाला, त्रिज्या पाच किलोमीटर झाली. पण क्षेत्रफळ दुप्पट न होता चौपट होते: सुमारे ७८ चौरस किलोमीटर. तासाला तीस किलोमीटर जाणारी आगगाडी असेल तर वेग चालण्याच्या सहापट, आणि क्षेत्रफळ छत्तीसपट, सातशे चौरस किलोमीटरहून अधिक. वेग थोडा वाढला तरी घर निवडण्याचा प्रदेश किती झपाट्याने वाढतो, हे वर्तुळाच्या सूत्रातून विद्यार्थ्यांना सहज दाखवता येते.

अर्ध्या तासाचा हा आकडा आम्ही केवळ सोयीसाठी घेतलेला नाही. वाहतुकीचे अभ्यासक याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात निरनिराळ्या शहरांतील माणसांच्या प्रवासाचा हिशेब मांडला. वाहने वेगवेगळी, पण दिवसभराच्या येण्या-जाण्यात घालवलेला सरासरी वेळ मात्र एका तासाच्या आसपासच, असे त्यांना दिसले. इटालियन पदार्थवैज्ञानिक चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये याचा विस्तार करून सांगितले, की जुन्या पायी चालण्याच्या शहरांचा विस्तारही याच मापात बसतो. मध्यापासून अडीच किलोमीटर, म्हणजे जायला अर्धा तास. हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे. तो सरासरीबद्दल बोलतो, प्रत्येक माणसाबद्दल नव्हे, आणि मुंबईच्या लाखो लोकांनी तो केव्हाच मोडला आहे. पण जुन्या शहरांचा आकार समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

आपल्या गणितात मात्र दोन दुरुस्त्या हव्यात. पहिली म्हणजे मुंबई हे चहूकडे सपाट जमीन असलेले शहर नाही. ते उत्तर-दक्षिण लांब व पूर्व-पश्चिम अरुंद असे बेट आहे. वर्तुळ काढले तर त्याचा बराचसा भाग समुद्रात पडतो. दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची. आगगाडी आपल्या दाराशी येत नाही. दहा मिनिटे स्टेशनापर्यंत चालण्यात आणि पाच मिनिटे गाडीची वाट पाहण्यात गेली, तर अर्ध्या तासातली पंधराच मिनिटे गाडीत बसायला उरतात. त्यात साडेसात किलोमीटर होतात, पंधरा नव्हे. शिवाय गाडी फक्त रुळांवरून जाते. म्हणून आगगाडीचे शहर वर्तुळासारखे वाढत नाही. ते दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे वाढते. प्रत्येक मणी म्हणजे एक स्टेशन आणि त्याच्याभोवती दहा मिनिटांच्या चालीचे छोटे वर्तुळ. आगगाडीने माणसाला चालण्यातून सोडवले नाही. तिने त्याच्या चालण्याचे दोन तुकडे केले, एक घराकडे आणि एक कामाकडे.

दादरला गेलेला कारकून

हे मणी मुंबईत कसे ओवले गेले ते पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, हे आपण सर्वजण शिकवतो. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. १८७४ च्या मे महिन्यात रस्त्यावर घोड्यांची ट्राम आली. कुलाब्याहून पायधुणीला आणि बोरीबंदरहून पायधुणीला असे तिचे पहिले मार्ग होते. सुरुवातीचे तीन आणे भाडे मजुराच्या आवाक्यातले नव्हते. पुढे ते उतरत गेले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस.

पण वाहन असले म्हणजे लोक लगेच लांब राहायला जातात असे नाही. त्यांना घालवणारे काहीतरी लागते आणि त्यांना बोलावणारेही. घालवणारी होती प्लेगची साथ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि दाटीवाटीच्या वस्तीची भीती सगळ्यांच्या मनात बसली. १८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. या ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंगा भागात रस्ते, गटारे, मोकळी मैदाने आखून घरांसाठी जमीन तयार केली. हे बोलावणे होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली, आणि जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत वीज पोचली. विजेची गाडी थांब्यावरून लवकर वेग घेते. त्यामुळे पुष्कळ स्टेशने घेऊनही तिला फार वेळ लागत नाही.

फोर्टमधील कचेरीत काम करणारा कारकून आता दादरला राहू शकत होता. का? त्याची कामाची वेळ ठरलेली होती आणि नोकरी कायमची. त्याला पहाटे दाराशी उभे राहून आजचे काम मागावे लागत नव्हते. महिन्याचा पास काढला, की रोजच्या भाड्याची चिंता नव्हती. आणि दादरला स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरात शाळा होत्या, भाजीबाजार होता, देऊळ होते, पुढे ग्रंथालय व नाट्यगृहही झाले. दूर राहण्याची किंमत तो फक्त एका गोष्टीत मोजत होता, कामाच्या प्रवासात. बाकी सगळे पायाखाली होते.

या फरकाची एक खूण मुंबईच्या रस्त्यावर रोज दिसते. घर आणि कचेरी यांच्यात अंतर पडले, तेव्हा दुपारच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोचवण्याचे काम सुरू केले. डबेवाला ही आगगाडीच्या शहराची निर्मिती आहे. गिरणगावात खानावळ होती आणि घरही हाकेच्या अंतरावर होते.

एकाच काळात, एकाच शहरात कारकुनाने दहा किलोमीटर दूरचे घर आनंदाने घेतले आणि कामगाराने तीन किलोमीटर दूरची खोली नाकारली. कामगार अडाणी होता म्हणून त्याला पक्क्या खोलीची किंमत कळली नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण दोघांनीही हिशेब केला होता, आणि आपापल्या परिस्थितीत दोघांचाही हिशेब बरोबर होता.

आधी घर की आधी रस्ता?

हा प्रश्न जुन्या मुंबईपुरता होता असे समजण्याचे कारण नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. घरे उठू लागली. पण मानखुर्दहून वाशीला लोकलगाडी पोचली ती मे १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. मधल्या काळात नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्या माणसापुढे खाडीवरून जाणारी बस हाच मुख्य आधार होता. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याने तेथे घर घेताना दहादा विचार केला, तर त्यात नवल ते काय?

याच प्रश्नाचे दुसरे उदाहरण अहमदाबादचे आहे, आणि ते अधिक डोळे उघडणारे आहे. १९८७ मध्ये तेथील विडी वळणाऱ्या, ‘सेवा’ संस्थेच्या सभासद असलेल्या ४९७ स्त्रियांसाठी घरांची सोडत काढली गेली. ११० जणींना घर लागले. घरे चांगली होती आणि हप्ते सवलतीचे होते, पण जागा शहराच्या मध्यापासून १२ किलोमीटर दूर होती. घरे मिळाल्यानंतर १४ वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली. सोडतीत कोणाला घर लागावे हे केवळ योगायोगावर अवलंबून असल्याने, घर लागलेल्या व न लागलेल्या कुटुंबांची तुलना एखाद्या प्रयोगासारखी करता आली. दिसले ते असे: घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तेथे राहायलाच गेले नाहीत आणि ३२ टक्के जाऊन परत आले. म्हणजे तिघांत दोघांनी ते घर सोडले. जे राहिले त्यांचे घर बरे होते, पण कुटुंबाच्या उत्पन्नात किंवा मुलांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. उलट ती कुटुंबे एकटी पडल्याचे सांगत होती.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. विडी तर घरी बसून वळतात. मग कामाच्या अंतराचा प्रश्न कोठे आला? अंतर फक्त कामाचे नसते. अडीअडचणीला पैसे उसने देणारी बहीण, मूल आजारी पडले तर बघणारी शेजारीण, ओळखीचा दुकानदार, हे सगळे बारा किलोमीटर दूर गेले. वाहन नसलेल्या घराला ही माणसे चालत जाण्याच्या अंतरात लागतात. गिरणगावातल्या कामगाराच्या यादीत जी चौथी गोष्ट होती, तीच ही.

चाळी तेथेच राहिल्या, शहर सरकले

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुष्कळ कुटुंबांनी गिरणगावातील खोली सोडली आणि ती कल्याण, डोंबिवली, नालासोपारा, विरार अशा ठिकाणी गेली. नोकऱ्याही हलल्या. त्या फोर्टमध्येच न राहता अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल अशा ठिकाणी गेल्या. मुंबईचे रूळ मात्र दक्षिणेकडे कामाला जाणाऱ्या माणसांसाठी टाकलेले होते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्याला बसवर विसंबावे लागे. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा आडव्या प्रवासाला पहिली जलद गाडी मिळाली.

या सगळ्यात चालणारा माणूस नाहीसा झाला असे वाटेल. पण २००३-०४ च्या हिवाळ्यात मुंबईतील ५,००० कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा कामावर जाणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक पायीच जात असल्याचे आढळले. गरीब कुटुंबांत हे प्रमाण ६३ टक्के होते. म्हणजे शंभर वर्षांत ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी गेलीही, विजेच्या गाड्या आल्या, उड्डाणपूल आले, तरी गरीब माणूस आपले घर अजून पायांनीच निवडत होता. अशा माणसाची झोपडी रस्त्यासाठी हलवून त्याला शहराच्या टोकाला पक्की खोली दिली जाते, तेव्हा त्याला काय मिळाले याच्याबरोबर त्याच्यापासून काय दूर गेले, याचाही हिशेब व्हायला हवा.

आणि वरळीच्या चाळींचे काय झाले? शहर उत्तरेला व पश्चिमेला पसरत त्यांच्यापर्यंत आले. बाजार आला, बस आली, शाळा आल्या, शेजार जमला. ज्या खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते, त्या भरून गेल्या आणि तेथे कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. आता या चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना त्याच जागी प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १९२० च्या दशकात जी जागा दूर म्हणून नाकारली गेली, ती आज मुंबईतील अत्यंत मोलाच्या जागांपैकी एक आहे. खोली जागची हलली नाही. तिच्याभोवतीची अंतरे बदलली.

वर्गात करून पाहू

भूगोल, गणित आणि इतिहास एकत्र शिकवण्यासाठी हा विषय चांगला आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून ‘अर्ध्या तासाचा नकाशा’ करून घेता येईल.

पहिली पायरी चालण्याचा वेग मोजण्याची. शाळेच्या मैदानावर १०० मीटर अंतर आखून विद्यार्थ्यांनी नेहमीच्या चालीने चालावे व वेळ मोजावा. मग घरी आजी-आजोबांचा आणि धाकट्या भावंडांचा वेगही मोजावा. आजी तासाला तीन किलोमीटर चालत असेल, तर तिच्या अर्ध्या तासाच्या वर्तुळाची त्रिज्या दीड किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे सात चौरस किलोमीटर. म्हणजे तरुण माणसाच्या वर्तुळाच्या जवळजवळ एक तृतीयांश. एकाच घरात राहणाऱ्या दोघांचे शहर सारखे नसते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

दुसरी पायरी गावाच्या किंवा प्रभागाच्या नकाशावर आपले घर मांडण्याची. त्यावर आई-वडिलांचे काम, शाळा, भाजीबाजार, दवाखाना, रेशनचे दुकान आणि जवळचे नातेवाईक दाखवावेत. सरळ रेषेतले अंतर आणि प्रत्यक्ष रस्त्याने होणारे अंतर दोन्ही लिहावे. मध्ये नाला, रेल्वेचे रूळ किंवा मोठा महामार्ग असेल, तर या दोन अंतरांत केवढा फरक पडतो ते लगेच ध्यानात येईल.

तिसरी पायरी बसची. बस दर वीस मिनिटांनी येत असेल आणि आपण वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलो, तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. थांब्यापर्यंत पाच मिनिटे आणि उतरल्यावर पाच मिनिटे चालणे धरले, तर अर्ध्या तासापैकी बसमध्ये बसायला दहाच मिनिटे उरतात. तीच बस दर सहा मिनिटांनी आली तर सतरा मिनिटे उरतील. बसचा वेग तोच ठेवूनही तिची पोच कशी वाढते, हे विद्यार्थ्यांनी नकाशावर रंगवून दाखवावे.

शेवटी प्रत्येकाने घरी एक प्रश्न विचारावा: आपण येथेच घर का घेतले, किंवा येथेच का राहिलो? उत्तरे वर्गात फळ्यावर लिहावीत. कोणी गिरणीचे नाव सांगेल, कोणी स्टेशनाचे, कोणी मामाच्या घराचे, कोणी पाण्याच्या नळाचे. त्यांतली किती उत्तरे खोलीच्या आकाराची आहेत आणि किती अंतराची, हे मोजावे. साडेसोळा हजार खोल्या बांधण्याआधी लॉइडसाहेबांच्या खात्याने हाच प्रश्न गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांना विचारला असता, तर चाळी कदाचित दुसरीकडे उभ्या राहिल्या असत्या.